लेकीसाठी पदवीचं घड्याळ: नाशिकच्या बाजारात काय घ्यावं, काय सोडावं

पदवीचे निकाल लागायला लागले की नाशिकच्या घड्याळांच्या दुकानांत एक ठरलेला ट्रे काउंटरवर येतो. गुलाबी सोनेरी रंग, डायलवर खडे, बांगडीसारखा पट्टा. "लेडीजमध्ये हेच चालतं," असं सांगितलं जातं. ही घड्याळं वाईट नसतात, पण ती लग्नकार्यात साडीवर घालायची. मुलगी आता अंबड-सातपूरच्या एखाद्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागणार असेल, पुण्याला हिंजवडीत रुजू होणार असेल किंवा हॉस्पिटलात इंटर्नशिप करणार असेल, तर तिला सोमवारी सकाळी साडेसातला एका हाताने चढवता येईल असं घड्याळ हवं. आणि दोन वर्षांनी सेल संपल्यावर तो कुठे बदलायचा, हा प्रश्न तिला पडू नये. खालचे पर्याय या दोनच कसोट्यांवर पाहिले आहेत. ब्रँडचा मान-मरातब तिसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे.

सगळ्यात आधी मनगट. डबीवर ३२ मि.मी., ३५ मि.मी. असा केसचा (घड्याळाच्या धातूच्या चौकटीचा) व्यास छापलेला असतो, पण त्यावरून घड्याळ बसेल की नाही हे कळत नाही. पट्टा ज्या शिंगांना अडकतो त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. दुकानात याला लग-टू-लग म्हणतात. मनगटाचा घेर १५ सें.मी. असेल तर ४० मि.मी.पर्यंतचं लग-टू-लग नीट बसतं. घेर १४ असेल तर ३७-३८च्या पुढे जाऊ नये. त्याहून मोठं घेतलं की शिंगं मनगटाच्या कडेबाहेर तरंगतात, घड्याळ बाहेरच्या बाजूला कलतं आणि चावी हाताच्या मागच्या भागात रुतते. मनगट मागे वळतं, तेव्हा हे जास्त टोचतं. चावी उजव्या बाजूला असते आणि घड्याळ डाव्या हातात, म्हणून बरेचदा टायपिंग करताना जाणवतं. उजव्या हातात घड्याळ घालणाऱ्या मुलींची यातून सुटका होते.

सरप्राइज द्यायचं असेल तर बांगडीवरून माप काढू नका. २-४ ची बांगडी म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, साधारण ५७ मि.मी. हे माप पंजा आत जाण्याचं आहे, मनगटाचं नव्हे. तिचं जुनं घड्याळ मिळवा. पट्ट्याच्या ज्या भोकावर वळ उमटलाय त्यात बकल लावा, आतून कागदाची पट्टी फिरवा, पेनाने खूण करा आणि पट्टी मोजपट्टीवर ठेवा. स्टीलच्या चेनचं घड्याळ घेणार असाल तर एवढ्यावरून दुकानदार कड्या बरोबर काढू शकतो. बकलच्या दोन्ही बाजूंनी जमेल तितक्या सारख्या कड्या काढल्या आहेत ना, ते पाहा. सगळ्या एकाच बाजूच्या काढल्या तर बकल मनगटाच्या मधोमध न येता कडेला सरकतं आणि लॅपटॉपवर हात टेकला की टेबलावर घासत राहतं.

काच. पाच-सहा हजारांच्या खालच्या जवळजवळ सगळ्या घड्याळांना मिनरल काच असते. कठीणपणाच्या मोह्ज मोजपट्टीवर ती साडेपाच-सहाच्या आसपास येते. रस्त्यावरच्या धुळीत, वाळूत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झचा आकडा ७. म्हणून ओढणीने, रुमालाने डायलवरची धूळ कोरडी पुसली तरी वर्षभरात काचेवर बारीक रेषांचं जाळं तयार होतं. सफायर काचेचा आकडा ९, तिला ही धूळ काही करत नाही. मात्र सफायर ठिसूळ असते. फरशीवर कडेवर पडली तर टवका उडतो, आणि नवी काच मिनरलच्या कित्येक पट महाग पडते. तरीही रोज वापरायच्या घड्याळाला सफायरच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. बजेट कमी पडत असेल तर दुसरीकडे कुठेही कात्री लावा. ओळखायला काचेवर पाण्याचा थेंब टाकून बघायची युक्ती सांगतात. वरच्या कोटिंगमुळे ती फसते. मागच्या झाकणावर किंवा मॉडेलच्या माहितीपत्रकात 'सफायर' असं लिहिलेलं आहे का, एवढंच बघा.

पाणी हा आपल्याकडे वादाचा विषय आहे, कारण हे घड्याळ हातात चढतं तेच बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर. मागे '३० मीटर' किंवा '३ एटीएम' (वातावरणाच्या तिप्पट दाब) लिहिलं असलं तरी तीस मीटर पाण्यात उतरता येत नाही. तो आकडा नव्या घड्याळावर, ठरावीक स्थिर दाबाखाली घेतलेल्या चाचणीचा असतो. ३ एटीएम म्हणजे हात धुताना उडालेले थेंब. गंगापूर रोडवरून भर पावसात गाडी चालवत घरी यायचं असेल तर किमान ५ एटीएम, आणि पोहायचं असेल तर १०. आकडा कितीही असो, चावी किंचित ओढलेली राहिली की तो शून्य होतो. गरम पाण्याच्या अंघोळीला मात्र कुठलंच घड्याळ घालू नये. वाफ आणि साबण आतल्या रबरी रिंगा कडक करतात, आणि तो परिणाम तिसऱ्या पावसाळ्यात दिसतो: काचेच्या आतून धुकं.

आता मुलामा. गुलाबी सोनेरी रंग दोन प्रकारे येतो. पितळेच्या केसवर पातळ विद्युत मुलामा, किंवा स्टीलवर निर्वातात चढवलेला पीव्हीडी थर. पहिला प्रकार बकलच्या कडांपासून आणि शिंगांच्या आतल्या बाजूने उडायला लागतो, खालून पितळ दिसतं, आणि मुलाम्याखालच्या निकेलमुळे काही मुलींच्या मनगटावर लाल चट्टा उठतो. नकली कानातले घातले की तिला खाज येत असेल तर हे ओळखून ठेवा. केस ३१६एल स्टीलची किंवा टायटॅनियमची घ्या. माहितीपत्रकात 'केस मटेरियल: ब्रास' असं असेल तर ते पितळ. विक्रेत्याला "मेटल आहे का?" असं विचारू नका, पितळही मेटलच असतं.

हे चार मुद्दे हाताशी धरून दुकानातल्या पर्यायांकडे जाऊ.

टायटन रागा ही १९९२ पासूनची बायकांची मालिका आहे आणि सात-आठ हजारांपासून पुढे बरीच निवड मिळते. दिसायला देखणी, वजनाला हलकी, शहरात सेल आणि पट्टा मिळण्याची अडचण नाही. पण रागाची बरीच मॉडेलं पितळेच्या केसची, मिनरल काचेची आणि ३ एटीएमची असतात. अनेकांना सेकंद काटाच नसतो. साडीवर याने काही बिघडत नाही. नर्सिंगची किंवा वैद्यकीय पदवी घेतलेल्या मुलीला मात्र नाडी मोजताना सेकंद काटा लागतोच, तिथे हे घड्याळ पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरतं. दागिन्यासारखं बांगडी-बकल असलेली मॉडेलं टाळा. ती मनगटावर एकतर सैल फिरतात किंवा घट्ट बसतात, मधलं काही नसतं. रागा घ्यायचीच असेल तर स्टीलच्या केसची, साध्या चेनची निवडा.

त्याच कंपनीचं एज हे वेगळंच प्रकरण आहे. टायटन १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या भागीदारीतून उभी राहिली. २००२ साली तिने एज बाजारात आणलं तेव्हा केसची एकूण जाडी ३.५ मि.मी. होती आणि आतलं यंत्र फक्त १.१५ मि.मी. आपल्या देशात घडवलेल्या यंत्रांत याचा मान मोठा आहे. फुल बाहीच्या फॉर्मल शर्टखाली ते दिसेनासं होतं, मुलाखतीला, बँकेत, कोर्टात याच्याइतकं नीट दुसरं काही दिसत नाही. वकिलीची किंवा सीएची वाट धरलेल्या मुलीला आम्ही डोळे झाकून हे सुचवू. उणीव पाण्याची: इतक्या पातळ केसमध्ये ३ एटीएमच्या पुढे जाणं अवघड. आणि सेल बदलायचा तो कंपनीच्या सर्व्हिस काउंटरवरच. यंत्र इतकं पातळ असतं की बाहेर चिमटा घसरला आणि कॉइलच्या केसासारख्या तारेला लागला तर यंत्रच बदलावं लागतं.

सिटिझन इको-ड्राइव्ह या यादीत आमची पहिली पसंती आहे, साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत. (वडिलांच्या पिढीत पास झाल्यावर एचएमटी मिळायचं. त्या एचएमटीचा बंगळूरचा कारखाना १९६१ साली याच सिटिझनच्या तांत्रिक मदतीने सुरू झाला, त्यामुळे हे घड्याळ घराला अगदीच परकं नाही.) डायलखाली सौर पट्टी असते. ती खिडकीतल्या, ट्यूबलाइटच्या कुठल्याही उजेडावर आतला सेल भरते. पूर्ण भरल्यावर बहुतेक मॉडेलं अंधारातही साधारण सहा महिने चालतात. दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलणं नाही, म्हणजे मागचं झाकण उघडणं नाही, म्हणजे रबरी रिंग हलणं नाही. पावसाळी शहरात याचं मोल मोठं आहे. महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास चूक. सेकंद काटा दर सेकंदाला न सरकता दोन-दोन सेकंदांनी उडी मारायला लागला तर घड्याळ बिघडलेलं नसतं, त्याला भूक लागलेली असते. दोन-तीन दिवस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नको, एप्रिलच्या उन्हात तिथलं तापमान सेलला झेपत नाही.

इथे नाशिकच्या, खरं तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलींपुरती एक गोष्ट: तोंडाला स्कार्फ आणि हाताला कोपरापर्यंतचे सनकोटचे बाह्या-मोजे घालून गाडी चालवली तर प्रवासातला उजेड घड्याळाला मिळतच नाही. ऑफिसात मोजे काढल्यावर भरपाई होते. पण घरी आल्यावर घड्याळ कपाटातल्या डबीत जाणार असेल तर हळूहळू ते उतरत जातं. टेबलावर, डायल वर करून ठेवायची सवय लागली की हा प्रश्न संपतो. मालिकेत मिनरल आणि सफायर दोन्ही काचा असतात, पाणी ५ की १० एटीएम हेही मॉडेलवर आहे. त्यामुळे 'इको-ड्राइव्ह' एवढ्यावर न थांबता माहितीपत्रक वाचूनच निवडा.

टिसो पीआरएक्स, ३५ मि.मी. चाळीस हजारांच्या आसपास क्वार्ट्झ (सेलवर चालणारं), आणि स्वयंचलित (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) यंत्र असलेलं त्याहून बरंच वर. १९७८ सालचं मूळ डिझाइन, २०२१ मध्ये पुन्हा आणलं, ३५ मि.मी.चा आकार पुढच्या वर्षी आला. नावातला एक्स म्हणजे रोमन दहा, १० एटीएम. सफायर काच, ३१६एल स्टील, चेन केसमधूनच निघाल्यासारखी. मुली हल्ली याच्या मागे आहेत आणि त्यात चूक काही नाही, पैसे कुठे गेले ते हातात घेतल्यावर कळतं. लग-टू-लग ३९ मि.मी.च्या आसपास असलं तरी पहिली कडी लगेच खाली वळत नाही, म्हणून ते मापापेक्षा मोठं बसतं. १४ सें.मी.च्या मनगटावर आधी घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसरी उणीव बकलची. फुलपाखरी बकलला बारीक जुळवाजुळवीची सोय नाही, कडी काढा नाहीतर ठेवा. मे महिन्यात मनगट किंचित सुजतं तेव्हा हे घट्ट होतं, जानेवारीत सैल. बाजारातला साधा पट्टा बसत नाही, कंपनीच्याच आकाराचा लागतो. क्वार्ट्झमध्ये एक चांगली सोय आहे: सेल संपत आला की सेकंद काटा चार-चार सेकंदांनी उडी मारून आधीच सांगतो.

स्वयंचलित पीआरएक्समधलं पॉवरमॅटिक ८० हे यंत्र पूर्ण भरलं की ८० तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं सोमवारी सकाळी चालूच सापडतं. स्वयंचलित घड्याळ भेट द्यावं का? मुलीला यंत्रांचं कुतूहल असेल तर जरूर. नसेल तर नको. दिवसाला काही सेकंद पुढे-मागे होणं हा त्याचा स्वभाव आहे, आणि चार-पाच वर्षांनी तेलपाण्याचा खर्च काही हजारांत जातो. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मधे तारीख बदलायला चावी फिरवली तर बऱ्याच यंत्रांत तारखेचे दाते अडकून तुटतात. काटे आधी सहावर आणून मग तारीख लावायची, हे तिला सांगून ठेवावं लागतं. पर्सचं चुंबकी बटण, फोनच्या कव्हरमधला चुंबक, स्पीकर यांच्याजवळ ठेवलं तर साधी केसकमानी (यंत्रातली केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकीय होऊन घड्याळ अचानक पुढे पळायला लागतं. क्वार्ट्झही चुंबकाजवळ थांबतं, पण बाजूला केलं की मुकाट चालू होतं, फक्त वेळ पुन्हा लावायची.

मॉलमध्ये कपड्यांच्या आणि पर्सच्या परदेशी ब्रँडची घड्याळं आठ-बारा हजारांना असतात. आतलं यंत्र बहुधा तेच असतं जे दोन हजारांच्या घड्याळात असतं, काच मिनरल, मुलामा पातळ. नावाचे पैसे द्यायचे असतील तर द्या, पण जाणून द्या. स्मार्टवॉच ही तिची ती घेईल. त्यातला सेल तीन-चार वर्षांत थकतो आणि दहा वर्षांनी ते कोणाच्या हातात नसेल.

कुठून घ्यायचं? नाशिकमध्ये तीन प्रकारची दुकानं आहेत: ब्रँडची स्वतःची शोरूम, कॉलेज रोड-गंगापूर रोडकडची अनेक ब्रँड ठेवणारी दुकानं, आणि एम.जी. रोड-मेन रोडच्या बाजूची जुनी घड्याळजींची दुकानं. नवं घड्याळ पहिल्या दोन ठिकाणी घ्या, पट्टा आणि जुनी दुरुस्ती तिसरीकडे करा. परदेशी ब्रँड घेताना त्याच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत हे दुकान आहे का पाहा, आणि "सर्व्हिस इथेच होते की मुंबईला जातं?" असा थेट प्रश्न विचारा. मुंबईला जात असेल तर साध्या सेलसाठीही घड्याळ काही दिवस हाताबाहेर राहतं. आयात घड्याळाच्या डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली पट्टी हवीच. ती नसेल तर माल आडमार्गाने आलेला आहे आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी शब्दावर आहे. कमाल किमतीवर सूट मागायला लाजू नका, घड्याळांत ती मिळते.

काउंटरवर पाच मिनिटं द्या. सेकंद काटा डायलवरच्या खुणांवर नेमका पडतो का, बारा वाजता तास आणि मिनिट काटे एकावर एक येतात का, मध्यरात्रीला तारीख बदलते का (काटे फिरवून बघा). क्वार्ट्झ घड्याळाच्या चावीखाली प्लास्टिकची पट्टी असते, तिने चावी ओढलेली ठेवून सेल वाचवलेला असतो. तरी कारखान्यातून निघून दीड-दोन वर्षं झालेली असतील तर सेल अर्धा गेलेला समजा आणि नवा बसवून मागा. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि झाकणावरचा अनुक्रमांक तिथेच लिहून घ्या. मागच्या झाकणावरची प्लास्टिकची फिल्म घरी गेल्यावर काढा. अनेकजणी ती वर्षभर ठेवतात, आणि खाली घाम साचून स्टीलवर डाग पडतात.

सेल बदलताना होणारी चूक बहुतेक एकाच ठिकाणी होते. बायकांच्या कित्येक घड्याळांत एसआर६२६एसडब्ल्यू, म्हणजेच ३७७ क्रमांकाचा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो: ६.८ मि.मी. रुंद, २.६ मि.मी. जाड, १.५५ व्होल्ट. रस्त्याकडेच्या टपरीवर त्याच मापाचा, बराच स्वस्त एलआर६२६ बसवला जातो. हा अल्कलाइन असतो, त्याचा विद्युतदाब हळूहळू उतरत जातो, आणि संपल्यावर आतून पाझरला तर यंत्राची पाटी हिरवी होते. सेलवरचे अक्षर बघून घ्या, पहिलं अक्षर 'एस' पाहिजे. दाबून बसणारं झाकण योग्य साच्याच्या प्रेसशिवाय अंगठ्याने किंवा पक्कडने दाबलं तर काच तडकते. रबरी रिंग बदलली का आणि पाण्याची चाचणी घेतली का, हे विचारा. चाचणीचं यंत्र नसेल तर त्या घड्याळावरचा ५ एटीएम आता इतिहास झाला असं धरून चाला.

मागे नाव कोरायचं असेल तर लेझरने, आणि घड्याळ आठ-पंधरा दिवस वापरून सगळं ठीक आहे हे पाहिल्यावरच. कोरलेलं घड्याळ बदलून मिळत नाही. नाशिकच्या भांडी बाजारात पितळेच्या डब्यावर नाव टाकून देणारे हात सुरेख आहेत, पण तिथली ठोकणी घड्याळाच्या झाकणावर चालवू नका. यंत्र आत असताना बसणारा तो ठोका क्वार्ट्झच्या स्फटिकाला किंवा स्वयंचलित यंत्राच्या खुंट्यांना सोसत नाही. काचेचं झाकण असेल तर कोरणं विसराच.

चेनमधून काढलेल्या कड्या आणि पिना दुकानदाराकडून मागून घ्या, छोट्या पाकिटात घालून डबीतल्या उशीखाली ठेवा. त्या मॉडेलच्या कड्या दहा वर्षांनी सुट्या मिळत नाहीत.